वाचकांचे प्रश्न: मागच्या इंजिनाच्या गाड्या आणि क्लचचे गणित

या वेळच्या टपालात मागे इंजिन असलेल्या जुन्या छोट्या गाड्यांविषयीची पत्रे एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवावे लागले. पत्रे निरनिराळ्या गावांची आहेत, गाड्याही वेगळ्या आहेत, परंतु अडचण बहुतेक ठिकाणी एकच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जी वीतभर जागा असते, जिथे फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकवर बसणारे जड, दातेरी चक्र), क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि स्टार्टरचा दात एकमेकांना भेटतात, तिथे घोडे अडते. इंजिन विकत घेताना आपण सीसी आणि अश्वशक्ती विचारतो. या वीतभर जागेबद्दल कोणी विचारत नाही, आणि मग गाडी तीनतीनदा उतरवावी लागते.

प्रश्न: आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९६३ची फोक्सवॅगन बीटल आहे. तिचे मूळ १२०० सीसीचे इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे, असे दोन मिस्त्रींचे मत पडले. पुण्यात एका गृहस्थांकडे १६०० सीसीचे, दोन पोर्टच्या हेडचे इंजिन आहे. ते म्हणतात, 'चार ठिकाणचे नट सोडवा, चार ठिकाणी आवळा, काम झाले.' माझी गाडी ६ व्होल्टची आहे आणि ते इंजिन १२ व्होल्टच्या गाडीचे आहे. हा व्यवहार करावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: विकणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी आवळलेले असते आणि १९६० नंतरच्या १२००, १३००, १५०० व १६०० या सर्व इंजिनांसाठी त्या चार जागा जुळतात, म्हणून नट आवळले जातील यात शंका नाही. मात्र नट आवळले गेले म्हणजे फ्लायव्हील फिरेलच असे नाही.

आपल्या गाडीच्या ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दाते आहेत आणि त्यावर १८० मिलिमीटर व्यासाचा क्लच बसतो. पुण्यातल्या इंजिनाचे फ्लायव्हील जर त्याचेच असेल, तर त्याला १३० दाते असतील आणि क्लच २०० मिलिमीटरचा असेल. हे फ्लायव्हील व्यासाने मोठे असते. आपल्या गिअरबॉक्सची बेल हाउसिंग, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच झाकणारे घंटेच्या आकाराचे कवच, लहान फ्लायव्हीलसाठी ओतलेली असल्यामुळे मोठे फ्लायव्हील आतल्या कडेला घासते किंवा अडकते. बरेच कारागीर आतला भाग ग्राइंडरने उतरवून जागा करतात, आणि ते काम नीट केले तर टिकतेही. परंतु हे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ गॅरेजांत कोणी लक्षात घेत नाही. त्याचा बारीक कीस पेट घेतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले तर आग भडकते. त्यामुळे हे काम उघड्यावर, कीस साठू न देता आणि कोरडी वाळू हाताशी ठेवूनच व्हायला हवे.

दुसरी अडचण स्टार्टरची. बीटलच्या स्टार्टरचे पुढचे टोक बेल हाउसिंगमध्ये बसवलेल्या एका लहान बुशमध्ये (आधार देणाऱ्या धातूच्या नळीत) टेकून फिरते. ६ व्होल्टच्या स्टार्टरचा दांडा १२.५ मिलिमीटरचा असतो, १२ व्होल्टच्या स्टार्टरचा १०.९ मिलिमीटरचा. १३० दात्यांच्या फ्लायव्हीलबरोबर १२ व्होल्टचा स्टार्टर लावायचा आणि जुना बुश तसाच ठेवायचा, ही चूक इतकी सर्रास होते की नव्या इंजिनानंतर 'सेल्फ ओरडतो' अशी तक्रार आली, की मी पहिल्यांदा बुशच विचारतो. सैल बुशमध्ये दांडा लटपटतो, दाते तिरके भिडतात, आणि वर्ष-सहा महिन्यांत फ्लायव्हीलचे दाते एका बाजूने खाल्ले जातात. बुश ही किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ती बदलायला इंजिन किंवा निदान स्टार्टर उतरवावा लागतो, म्हणून ती आधीच बदलावी.

यावर एक दुसरा मार्ग आहे, आणि आपल्या गाडीसाठी मला तोच पसंत आहे. फोक्सवॅगनच्याच ६ व्होल्टच्या काळातील व्हॅन आणि टाइप ३ या गाड्यांना १०९ दात्यांचे, परंतु २०० मिलिमीटरचा क्लच बसणारे फ्लायव्हील होते. असे फ्लायव्हील मिळवून ते १६०० इंजिनाला लावले, तर गिअरबॉक्सला ग्राइंडर लावावा लागत नाही, मूळ स्टार्टर आणि त्याचा बुश जागच्या जागी राहतो, ६ व्होल्टची वायरिंग, हॉर्न आणि वायपरची मोटर यांना हात लावावा लागत नाही, आणि उद्या मूळ इंजिनाची केस (बाहेरचे ओतीव कवच) दुरुस्त झाली तर ते परत बसवता येते. आपले सध्याचे १८० मिलिमीटरचे फ्लायव्हील नव्या इंजिनाला लावण्याचा मोह होईल, कारण ते फुकटात घरीच आहे. तो टाळावा. १२०० इंजिनाची पीळशक्ती सुमारे ८२ न्यूटन-मीटर होती, १६००ची सुमारे १०६ आहे. म्हणजे जवळजवळ तीस टक्के जास्त भार त्याच लहान प्लेटवर येतो. सपाटीवर चालेलही, पण आंबा घाटात भरल्या गाडीने क्लच घसरू लागला, तर रस्त्याच्या कडेला बसून हे वाक्य आठवावे लागेल.

फ्लायव्हील बदलायचे म्हटले की क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ नव्याने मोजावा लागतो, आणि हाच भाग घाईत वगळला जातो. बीटलमध्ये हा खेळ फ्लायव्हील आणि पहिल्या मुख्य बेअरिंगच्या मध्ये घातलेल्या तीन पातळ शिमांनी (धातूच्या चकत्यांनी) ठरतो. तो ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर हवा, ०.१५ ही झिजेची शेवटची मर्यादा. पद्धत अशी, की आधी ऑइल सील न बसवता दोनच शिम घालून फ्लायव्हील आवळावे, डायल गेजने (मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) खेळ मोजावा, त्यातून ०.१० वजा करावेत आणि जेवढे उरेल तेवढ्या जाडीचा तिसरा शिम निवडावा. नंतर फ्लायव्हील काढून सील आणि तिन्ही शिम बसवून पुन्हा मोजावे. दोन जाड शिमांत काम भागवू नये. शिम तीनच असतात, कारण ते एकमेकांवर घसरत फिरतात आणि झीज वाटून घेतात. जुन्या काही फ्लायव्हीलमध्ये रबरी ओ-रिंगची खाच नसते, तिथे पातळ गॅस्केट असते. ते घालूनच मोजमाप घ्यावे, नाहीतर त्याच्या जाडीएवढी चूक हिशेबात शिरते.

इंजिन विकत घेण्यापूर्वी पुण्याला जाल तेव्हा एक सोपी परीक्षा करता येईल. क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढावी आणि ढकलावी. हाताला नुसती शंका आली तर ठीक आहे. स्पष्ट 'टक' असा आवाज आला, तर केसमधील बेअरिंगची जागा ठोकली गेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशी केस लाइन-बोअरिंग केल्याशिवाय, म्हणजे बेअरिंगच्या सर्व जागा एका रेषेत नव्याने कातून घेतल्याशिवाय, वापरण्यासारखी नसते. त्या 'टक'ची किंमत व्यवहारातून वजा करावी किंवा व्यवहारच करू नये.

थंड हवेच्या मार्गाकडेही लक्ष द्यावे. या इंजिनाला पाणी नाही, पंख्याच्या हवेवरच सारे आहे. १९७१च्या मॉडेलपासून ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाबाहेर, मागच्या बाजूला एका वेगळ्या पेटीत गेला; त्यापूर्वी तो आवरणाच्या आत तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे आणि तो सिलिंडर नेहमी जास्त तापे. आपल्याला मिळणाऱ्या इंजिनाबरोबर त्याचे स्वतःचे हवा वळवणारे लोखंडी पत्रे आणि ही पेटी मिळत असेल, तर तीसुद्धा मागून घ्यावी. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी तुटकी असेल तर खालची तापलेली हवा वर येऊन पंख्यात शिरते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे तेवढ्यानेही इंजिन जाते.

राहिला गिअरचा प्रश्न. आपल्या गिअरबॉक्सचे अंतिम प्रमाण ४.३७५ आहे. १६०० इंजिनाच्या मानाने ते आखूड आहे, त्यामुळे महामार्गावर इंजिन उगाच जास्त फेरे घेईल, पण घाटात गाडी सुखाने चढेल. त्यासाठी गिअरबॉक्स बदलायची गरज मला वाटत नाही. ब्रेकबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही: वाढीव शक्ती वापरणार असाल, तर ड्रम, शू आणि ब्रेकच्या रबरी नळ्या आधी, इंजिन नंतर.

प्रश्न: माझ्या १९७२च्या बीटलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच मागच्या महिन्यात बदलला. त्याआधी फक्त क्लच घसरत होता. आता पेडल दाबले की घरघर ऐकू येते आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना सारी गाडी थरथरते. मिस्त्री म्हणतात, 'नवीन आहे, बसेल.' — एक वाचक, मडगाव

उत्तर: नवीन चप्पल पायात बसते, नवीन क्लच बसत नाही, तो पहिल्या दिवशी नीट असतो किंवा नसतो. आपल्या पत्रातल्या दोन तक्रारी मात्र वेगळ्या धराव्यात, कारण त्यांची कारणेही वेगळी असू शकतात.

घरघरीचे पाहू. बीटलमध्ये प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांच्या दोन पिढ्या आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. १९७१च्या मॉडेलच्या आधी रिलीज बेअरिंगला आधार देणारी नळी गिअरबॉक्समध्ये नव्हती. बेअरिंग आडव्या दांड्याच्या दोन हातांवर क्लिपांनी टांगलेले असे, आणि ते नीट मध्यभागी टेकावे म्हणून प्रेशर प्लेटच्या मधोमध एक गोल कडे असे. नंतरच्या गिअरबॉक्समध्ये मुख्य दांड्याभोवती मार्गदर्शक नळी आली, बेअरिंग तिच्यावर सरकू लागले, आणि त्यामुळे प्रेशर प्लेटवरचे कडे गेले. आपली गाडी नंतरच्या पिढीची आहे, म्हणजे तिला नळीवर सरकणारे बेअरिंग आणि कडे नसलेली प्रेशर प्लेट हवी. दुकानदार 'बीटलचा २०० मिलिमीटरचा संच' एवढे ऐकून हाताला येईल तो देतो, आणि खोक्यावर कधी कधी दोन्ही वर्षे छापलेली असतात. कडे असलेली प्लेट आपल्याकडे लागली असेल, तर घरघर त्याच जागी होणार. उलट प्रकारही पाहण्यात येतो: जुन्या, नळी नसलेल्या गिअरबॉक्सला कडे नसलेली प्लेट लावतात, मग बेअरिंगला मध्यभाग सापडत नाही आणि ते प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोके एका बाजूने खात राहते.

इंजिन उतरवण्याआधी थोडे कान लावून पाहता येईल. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडलवर नुसता पाय टेकवताच आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल पूर्ण दाबून गिअरमध्ये टाकल्यावरच आवाज आला, तर फ्लायव्हीलच्या मधल्या मोठ्या नटामध्ये असलेले छोटे सुई-बेअरिंग कोरडे किंवा खराब असावे. क्रँक फिरतो आहे आणि गिअरबॉक्सचा दांडा थांबला आहे, अशा वेळीच त्याला काम पडते. त्यात चिमूटभर ग्रीस पुरते. जास्त भरले, तर ते उडून क्लच प्लेटवर जाते आणि थरथरीची तक्रार नव्याने तयार होते.

थरथरीची पुष्कळ कारणे सांगता येतील, पण आपल्या गाडीत सर्वांत स्वस्त कारण आधी तपासावे. क्लचची तार जिथे गाडीच्या मधल्या बोगद्यातून बाहेर पडून गिअरबॉक्सकडे जाते, तिथे ती एका लवचिक नळीतून जाते. ही नळी सरळ ताणलेली नसावी. तिला खाली २५ ते ४५ मिलिमीटर इतका झोक हवा. झोक कमी असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर जरा हलले तरी तार ओढली जाते, क्लच क्षणभर सुटतो आणि पुन्हा धरतो, आणि तीच थरथर आपल्याला जाणवते. झोक वाढवायचा असेल तर नळीच्या गिअरबॉक्सकडील टोकाला कंसाजवळ वॉशर घालतात. इतके सोपे काम असूनही, पूर्ण क्लच दोनदा बदलून झाल्यावर वॉशर घातल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. किनाऱ्यावरच्या हवेत ही तार आणि नळी आतून गंजतात. क्लच बदलताना दोन्ही बदललेल्या बऱ्या. पेडलचा मोकळा खेळ १० ते २० मिलिमीटर ठेवावा. तो गिअरबॉक्सकडच्या पंखांच्या नटाने लावता येतो.

झोक ठीक असेल, तर गिअरबॉक्सचे रबरी माउंट पाहावेत. तेही ठीक असतील, तरच इंजिन उतरवावे, आणि उतरवल्यावर प्लेटला लागलेल्या तेलाचा आधी वास घ्यावा. गिअर ऑइलचा वास गंधकासारखा उग्र असतो; इंजिनचे तेल जळकट, काळे असते. पहिल्यात दोष गिअरबॉक्सच्या दांड्याच्या सीलचा, दुसऱ्यात क्रँकच्या सीलचा. दोन्ही सील बदलून टाकण्याचा खर्च फारसा नाही, पण कोणते गळत होते हे कळले नाही, तर क्रँकचा खेळ वाढल्यामुळे सील खराब झाले होते का, हेही कळणार नाही.

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, सध्या नोकरीनिमित्त तोरिनोमध्ये राहते. येथे एका शेजाऱ्यांकडून १९६८ची फियाट ५०० एफ घेतली. सगळेजण तिला फियाट १२६चे इंजिन लावण्याचा सल्ला देतात. इंजिन सरळ बसते, असे म्हणतात. मग क्लच कोणता घ्यायचा, ५००चा की १२६चा? — एक वाचक, इटली

उत्तर: आपण राहता त्या गावाचे, म्हणजे खुद्द फियाटच्या गावाचे, नाव वाचून हेवा वाटला, या गाडीचे सुटे भाग आम्हांला इकडे परदेशातून मागवावे लागतात, आपल्याला ते कदाचित कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असतील.

आपल्याला सल्ला देणारे लोक खुद्द कारखान्याच्याच पावलावर पाऊल ठेवत आहेत. ५००चे ४९९.५ सीसीचे इंजिन आणि १२६चे ५९४ सीसीचे इंजिन यांचा स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) एकच, ७० मिलिमीटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र ६७.४वरून ७३.५ झाला, आणि १९७७मध्ये ७७ मिलिमीटर बोअरने ते ६५२ सीसीचे झाले. १९७२ ते १९७५ या काळात निघालेल्या शेवटच्या ५०० आर गाडीत फियाटने ५९४ सीसीचेच इंजिन शक्ती कमी करून घातले, आणि गिअरबॉक्स मात्र जुना, सिंक्रोमेश (गिअर टाकताना चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेला ठेवला. म्हणजे हे लग्न कारखान्यानेच एकदा लावून दिलेले आहे.

क्लचच्या बाबतीत गाडीचे नाव विसरावे आणि प्रत्येक भागाला तो कोणाचा शेजारी आहे हे विचारावे. क्लच प्लेटच्या मधल्या भोकातील खाचा गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतात. म्हणून खाचांची संख्या आणि आकार गिअरबॉक्स ठरवतो. प्लेटचा बाहेरचा व्यास आणि प्रेशर प्लेटची बोल्टची भोके फ्लायव्हील ठरवते. रिलीज बेअरिंग दोघांच्या मध्ये असते: ते कसे धरले आहे हे गिअरबॉक्सकडून, आणि ते कशावर दाबते हे प्रेशर प्लेटकडून ठरते. जुन्या ५००ची प्रेशर प्लेट गुंडाळी स्प्रिंगांची असते, १२६ची पाकळ्यांच्या डायफ्रॅमची, आणि दोन्हींना बेअरिंगचा टेकणारा भाग वेगळा लागतो. म्हणून आपण ५००चा गिअरबॉक्स ठेवून १२६चे इंजिन त्याच्या फ्लायव्हीलसकट लावत असाल, तर 'पूर्ण संच' असे लिहिलेले कोणतेही एक खोके आपोआप बरोबर ठरेल असे समजू नये. जुनी प्लेट हातात घेऊन दुकानात जावे, खाचा मोजाव्यात, नवी प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर कोरडीच सरकवून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, पण हलवल्यावर खुळखुळता कामा नये.

१२६चा गिअरबॉक्सही बरोबर घेण्याचा सल्ला कोणी देईलच, कारण त्याला दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश आहे. वापराच्या दृष्टीने तो सल्ला वाईट नाही. परंतु मग चाकांकडे जाणारे दांडे, त्यांच्या टोकांचे जोड आणि स्टार्टर यांचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मला विचाराल, तर दुहेरी क्लच मारून, म्हणजे न्यूट्रलमध्ये आणताना एकदा आणि पुढचा गिअर टाकताना पुन्हा एकदा पेडल दाबून, मधे इंजिनाला हलका ॲक्सिलरेटर देऊन गिअर उतरवण्याची कला पंधरा दिवसांत जमते आणि मग तीच या गाडीची गंमत वाटू लागते. पुढे बाजारात आलेल्या १२६ बिसचे ७०४ सीसीचे इंजिन मात्र कोणी स्वस्तात देऊ केले, तरी घेऊ नये. ते पाण्याने थंड होणारे आणि आडवे झोपवलेले इंजिन आहे. त्याचा रेडिएटरही मागेच असतो, आणि ५००च्या पोटात त्याला जागा नाही.

कागदपत्रांविषयी एक सूचना: तिथल्या नोंदणीपत्रात इंजिनाच्या प्रकाराचा संकेत लिहिलेला असतो. इंजिन बदलल्यावर नवा संकेत जुळत नाही, तेव्हा काम सुरू करण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयात विचारणा करावी.

प्रश्न: आम्ही यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी एका निकामी बीटलला आजच्या छोट्या गाडीचे पाण्याचे इंजिन लावावे असा विचार आहे. अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी मधली पट्टी) आम्ही स्वतः तयार करू. काय काळजी घ्यावी? — विद्यार्थी, सांगली

उत्तर: आपल्या शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः घडवली होती, आणि तिचे इंजिन मागेच होते. ती बाजारात आली नाही, पण अशा उद्योगाची परंपरा आपल्या भागाला आहे, तेव्हा आपल्याला परावृत्त करण्याचे पाप मी करणार नाही.

पहिली गोष्ट, नकाशा काढण्याआधी इंजिन कोणत्या दिशेने फिरते ते पाहा. बीटलचे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आणि आजची बहुतेक इंजिनेही तशीच फिरतात. अपवाद आहेत. शेव्हरोलेची १९६० ते १९६९ या काळातली कॉर्व्हेअर ही गाडीही मागे इंजिन असलेली होती, तिचे सहा सिलिंडरांचे हवेने थंड होणारे इंजिन अमेरिकेतल्या हौशी लोकांनी बीटलला खूप लावले, पण ते उलटे फिरते. गिअरबॉक्समधील मोठे चक्र बाजू बदलून बसवले नाही, तर गाडीला मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एक मिळतो. होंडाची जुनी इंजिनेही उलट फिरणारी आहेत.

दुसरी गोष्ट, अडॅप्टर प्लेटमध्ये जाडीपेक्षा केंद्र महत्त्वाचे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य एका रेषेत, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जुळले पाहिजेत. बोल्टांच्या भरवशावर हे जुळत नाही. बोल्टाच्या भोकात खेळ असतोच. म्हणून ठरावीक जागी डॉवेल पिना (भोकात घट्ट बसून जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) द्याव्यात, आणि फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या तोंडाभोवती एक पूर्ण फेरा फिरवून वाचन घ्यावे. केंद्र चुकलेली प्लेट पहिल्या दिवशी सुरळीत चालते, आणि मग काही महिन्यांत क्लच प्लेटचे मधले रिव्हेट सुटतात किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याचे बेअरिंग बोलू लागते. तेव्हा सर्वजण क्लचला दोष देतात.

तिसरी गोष्ट, प्लेटच्या जाडीमुळे दांड्याचे टोक क्रँकमधल्या बेअरिंगपर्यंत पोहोचते का, आणि रिलीज बेअरिंगचा प्रवास पुरतो का, हे कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष सांगाड्यावर मोजून पाहावे. रेडिएटर कुठे ठेवायचा, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. तो सुटला, की मला पुन्हा लिहा.

प्रश्न: इंजिन बदललेल्या जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते का? — एक वाचक, दादर

उत्तर: २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते, परंतु ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती दहा वर्षे चालते, आणि पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती चालवायची असते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरबदल मनमानी करता येत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या वाचकांनी आधी आरटीओमध्ये लेखी विचारणा करावी, आणि मूळ इंजिनाची क्रमांक असलेली केस कितीही तडकलेली असली, तरी ती भंगारात देऊ नये. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावी.

प्रश्न: बीटलच्या फ्लायव्हीलचा मधला ३६ मिलिमीटरचा नट आमच्या गावात कोणी आवळून देत नाही, कारण एवढा मोठा टॉर्क पाना कोणाकडे नाही. काही उपाय? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: त्या नटाला ३५ मीटर-किलो, म्हणजे सुमारे ३४३ न्यूटन-मीटर एवढे आवळणे लागते. छिन्नी-हातोड्याने ठोकून तो आवळू नये. सैल राहिला, तर डॉवेल पिनांची भोके लंबगोल होऊन क्रँक आणि फ्लायव्हील दोन्ही जातात. ३६चा जाड सॉकेट घ्यावा, त्याला मजबूत हँडल आणि वर लोखंडी नळी लावावी. फ्लायव्हील फिरू नये म्हणून दात्यांत अडकणारी पट्टी बेल हाउसिंगच्या बोल्टला घट्ट धरावी. मग हँडल जमिनीला समांतर ठेवून, नटाच्या मध्यापासून बरोबर ५८ सेंटिमीटरवर खडूची खूण करावी आणि ६० किलो वजनाच्या माणसाने त्या खुणेवर, धक्का न देता, हळूहळू आपला सगळा भार टाकावा. माणूस ७० किलोचा असेल तर खूण ५० सेंटिमीटरवर करावी. वजन दुकानातल्या काट्यावर, बुटांसकट करून घ्यावे. अंदाजाने सांगितलेले वजन इथे उपयोगाचे नाही.